विश्लेषण : सिनिअर वकिलांना वेळ नाही, मग इंटर्नने शिकायचे कसे?

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातून निघून महापालिका भवनाजवळचा नवा पूल ओलांडला की समोर शनिवारवाडा आणि मागे शनिवार पेठ. पेठेतील अरुंद गल्ल्यांत, जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या जिन्यापाशी वकिलांच्या नावांच्या पाट्या दिसतात. पुण्यातील विधी महाविद्यालयांचे अनेक विद्यार्थी अशा ऑफिसांत इंटर्नशिप करतात. पण ज्यांच्याकडून शिकायचे ते सिनिअर दिवसभर कोर्टात आणि संध्याकाळी पक्षकारांच्या गराड्यात असतात. मग चार आठवडे झेरॉक्स आणि फाईल लावण्यात जाऊ नयेत, यासाठी काय करता येते? नियम काय सांगतात आणि कशाबद्दल मौन बाळगतात?

इंटर्नशिप सक्तीची आहे का?

होय. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ ती करता येत नाही. स्वयंसेवी संस्था, न्यायाधीश, कंपन्या, लॉ फर्म, स्थानिक स्वराज्य संस्था असे अनेक पर्याय असले, तरी संपूर्ण शिक्षणात एकदा तरी खटला चालवणाऱ्या आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे जाणे बंधनकारक आहे.

याला गुणांचीही जोड आहे. अभिरूप न्यायालय आणि इंटर्नशिप असा १०० गुणांचा प्रात्यक्षिक पेपर असतो. त्यात अभिरूप न्यायालयाला ३०, एक दिवाणी व एक फौजदारी अशा दोन खटल्यांच्या निरीक्षणाला ३०, पक्षकाराच्या दोन मुलाखतींच्या नोंदींना १५, कागदपत्रांची तयारी व दावा दाखल करण्याच्या प्रक्रियेच्या नोंदींना १५ आणि तोंडी परीक्षेला १० गुण आहेत. म्हणजे पक्षकार बोलत असताना इंटर्नला खोलीत बसू देणे ही मेहेरबानी नाही; अभ्यासक्रमानेच ते गृहीत धरले आहे.

मात्र हे नियम आठवडे मोजतात. त्या आठवड्यांत सिनिअरने किती वेळ द्यायचा, कोणते काम द्यायचे, केलेले काम तपासून परत द्यायचे की नाही, याचा तपशील त्यांत नाही. व्यग्र सिनिअरांचा प्रश्न उद्भवतो तो इथेच.

पेठेतील ऑफिसचा दिवस कसा असतो?

‘लॉ फर्म’ म्हटले की काचेच्या इमारतीतील मोठे कार्यालय, पार्टनर, असोसिएट अशी उतरंड डोळ्यांसमोर येते. पेठेतील ऑफिसचा साचा वेगळा. एक सिनिअर, दोन-तीन ज्युनिअर, एक कारकून, एक टायपिस्ट आणि भिंतीला लागून फाईलींची कपाटे. सकाळी नऊच्या सुमारास ऑफिस उघडते. त्या दिवसाच्या बोर्डाप्रमाणे फाईली निघतात. अकराच्या सुमारास न्यायालय सुरू होते. तिथून संध्याकाळपर्यंत सिनिअर एका कोर्टहॉलमधून दुसऱ्या कोर्टहॉलमध्ये. सहानंतर पक्षकार येऊ लागतात, ते रात्री साडेआठ-नऊपर्यंत. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या उलटतपासाची तयारी.

कामाचे स्वरूपही पेठेला साजेसे. वाड्यांच्या मालकीचे आणि वाटपाचे दावे, घरमालक-भाडेकरू वाद, पुनर्विकासाचे करार, मृत्युपत्रे, हवेली-मुळशीतील जमिनींचे फेरफार. भाडेकरू प्रकरणे लघुवाद न्यायालयात चालतात आणि त्यांना ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होतो. अशा एका प्रकरणात तीन पिढ्यांच्या भाडेपावत्या, नगर भूमापनाचा उतारा, खरेदीखत आणि कधी मोडीतला एखादा कागद असतो. सिनिअरला हे सगळे वाचायला शांत वेळ हवा असतो आणि नेमका तोच नसतो. इंटर्नला उपयोगी पडता येते ते इथेच.

यात एक विसंगतीही आहे. विद्यार्थ्यांना मोकळा वेळ मिळतो तो बहुधा मे महिन्यात आणि दिवाळीत. याच काळात दिवाणी न्यायालयांनाही सुटी असते. त्यामुळे मे महिन्यात आलेल्या इंटर्नला सिनिअर ऑफिसात भेटण्याची शक्यता जास्त, पण साक्षीपुरावा पाहायला मिळण्याची शक्यता कमी. मसुदे आणि संशोधन शिकायचे तर मे, न्यायालय पाहायचे तर जून ते ऑक्टोबर, असा हिशेब आधीच केलेला बरा.

सिनिअरला नेमकी कशाची टंचाई असते?

वेळेची, हे वरवरचे उत्तर झाले. सिनिअरला एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमध्ये डोके नेण्याचा त्रास अधिक असतो. मृत्युपत्राच्या उलटतपासाची जुळवाजुळव चालू असताना इंटर्नने येऊन ‘सर, त्या भाड्याच्या मॅटरमध्ये काय करू?’ असे विचारले, तर सिनिअरला आधी ‘ते’ मॅटर कोणते हे आठवावे लागते, मग त्यातली पायरी, मग दिलेले काम. उत्तर अर्ध्या मिनिटाचे असते; आठवायला पाच मिनिटे जातात. म्हणून ‘नंतर बघू’ हे उत्तर येते आणि इंटर्नला ते दुर्लक्ष वाटते.

यातून कामाचे एक सूत्र निघते. आठवण्याचे कष्ट इंटर्नने घ्यायचे आणि सिनिअरकडे फक्त निर्णय ठेवायचा. प्रश्न असा मांडायचा की, फाईल न उघडता ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘दुसरा पर्याय’ एवढे उत्तर पुरावे.

काम घेताना काय विचारावे?

पुढची बरीचशी धावपळ काम घेतानाच्या दोन मिनिटांत वाचते. त्या वेळी पुढील गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात :

- प्रकरण कोणते आणि आपण कोणत्या बाजूने आहोत?
- हे कशासाठी हवे आहे? उद्याच्या युक्तिवादासाठी, पक्षकाराला मत देण्यासाठी की दावा तयार करण्यासाठी?
- हाती काय द्यायचे? निवाड्यांची यादी, दोन पानी टिपण की पूर्ण मसुदा?
- केव्हापर्यंत? ‘लवकर’ म्हणजे आज संध्याकाळी की गुरुवारी?
- कसे द्यायचे? छापून फाईलला लावायचे की फोनवर पाठवायचे?
- अडल्यास कोणाला विचारायचे?

यातील ‘कशासाठी’ सर्वांत महत्त्वाचे. उद्या सकाळी युक्तिवाद असेल तर सिनिअरला बाजूने जाणारे दोन-तीन ठोस निवाडे आणि विरुद्ध जाणारा एक हवा असतो. पक्षकाराला मत द्यायचे असेल तर दोन्ही बाजूंचा तोल हवा असतो. हे न विचारता केलेले पंधरा पानांचे संशोधन दोन्हीकडे निरुपयोगी ठरू शकते.

प्रश्न विचारून झाले की घेतलेले काम एका वाक्यात परत म्हणून दाखवावे : ‘सर, म्हणजे भाडेकरूच्या बाजूने, थकबाकीच्या नोटिशीवरचे तीन निवाडे, उद्या सकाळी साडेनऊपर्यंत, छापून. बरोबर ना?’ गैरसमज असेल तर तो तिथेच दूर होतो. बहुतेक कामे जिन्यात, पार्किंगमध्ये किंवा कोर्टहॉलबाहेर सांगितली जातात, त्यामुळे खिशात छोटी वही असावी. सांगितलेले ऐकून ‘हो सर’ म्हणणे आणि ऑफिसात पोहोचेपर्यंत अर्धे विसरणे, हा नव्या इंटर्नचा नेहमीचा अनुभव.

शंका कधी आणि कशी विचारावी?

प्रत्येक शंका सुचली की लगेच विचारणे आणि कोणतीच न विचारणे, दोन्ही टोके महागात पडतात. मधला मार्ग असा : आधी फाईल, मग रोजनामा, मग मूळ कायदा पाहायचा. तरीही अडले तर ऑफिसातील ज्युनिअरला विचारायचे. जे त्यांनाही सांगता येत नाही आणि ज्यावाचून काम पुढे सरकत नाही, तेवढेच सिनिअरकडे न्यायचे. दिवसभरातल्या तीन-चार शंका एकत्र करून एकदाच विचाराव्यात.

वेळ साधण्यालाही महत्त्व आहे. साक्ष सुरू होण्याआधीची दहा मिनिटे किंवा पक्षकार समोर बसलेला असतानाची वेळ शंकांसाठी नव्हे. न्यायालयातून ऑफिसकडे परतताना पुलावरची वाट, दुपारची सुटी आणि रात्री शेवटचा पक्षकार गेल्यानंतरची पंधरा मिनिटे, या वेळा अनेक ऑफिसांत खऱ्या शिकवणीच्या असतात. संध्याकाळी सहाला घरी जाणाऱ्या इंटर्नला यातली शेवटची वेळ मिळतच नाही. लांबून येणाऱ्या किंवा वसतिगृहाच्या वेळा पाळाव्या लागणाऱ्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, ही अडचण पहिल्याच दिवशी सांगून आठवड्यातला एखादा दिवस ठरवून घेणे चांगले.

फोनवर विचारायचे असेल तर संदेश स्वयंपूर्ण हवा. उदाहरणार्थ : ‘सर, उद्याच्या बोर्डावरचे रे. मु. प्रकरण. समन्स बजावणीच्या दोन तारखा दिसतात. बेलिफच्या अहवालात ३ जून, पक्षकाराच्या सांगण्यानुसार ८ जून. मी ३ जून धरून मुदत मोजली आहे. वेगळे हवे असल्यास सांगावे.’ यात प्रकरण आहे, अडचण आहे, इंटर्नने स्वतः काय ठरवले तेही आहे. सिनिअरने काही कळवले नाही, तरी काम थांबत नाही. मात्र गप्प राहणे म्हणजे संमती असे मुदतीच्या प्रश्नात कधीच धरू नये. संध्याकाळी समोर जाऊन विचारावेच.

एका तारखेने एवढा फरक पडतो?

पडतो. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम १ नुसार प्रतिवादीने समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. न्यायालय कारणे नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. साध्या दिवाणी दाव्यात ही ९० दिवसांची मर्यादा अगदी ताठर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलास विरुद्ध नन्हकू आणि सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशन या प्रकरणांत सांगितले. पण वाद व्यावसायिक न्यायालय कायद्याखाली येत असेल तर १२० दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच संपतो, असे त्याच न्यायालयाने एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स प्रकरणात २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तीन लाख रुपयांपासूनचे व्यावसायिक वाद या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. म्हणजे छोट्या व्यापाऱ्याचे प्रकरणही त्यात बसू शकते.

समन्स ३ जूनला बजावले असेल तर ३० दिवस ३ जुलैला, ९० दिवस १ सप्टेंबरला आणि १२० दिवस १ ऑक्टोबरला पूर्ण होतात. ८ जून धरले तर शेवटची तारीख ६ ऑक्टोबर होते. पाच दिवसांचा हा फरक पक्षकाराला आपली बाजू मांडता येणार की नाही, हे ठरवू शकतो. ‘कैफियतीला किती मुदत असते ते बघ’ असे सांगितल्यावर ‘९० दिवस’ एवढेच लिहून आणणारा इंटर्न पुस्तकातले उत्तर देतो. ‘सर, हा वाद व्यावसायिक आहे का? आणि बजावणीची तारीख कोणती धरायची?’ असे विचारणारा इंटर्न सिनिअरचे काम हलके करतो.

टिपण कसे असावे?

सिनिअर ते कोर्टहॉलच्या दाराशी उभे राहून वाचणार आहेत, असे समजून लिहावे. पहिल्या दोन ओळींत प्रश्न आणि उत्तर. त्याखाली कायद्याचे कलम. मग निवाडे : प्रत्येकाचे नाव, न्यायालय, वर्ष, परिच्छेद क्रमांक आणि तो आपल्या प्रकरणाला का लागू होतो याची एक ओळ. विरुद्ध जाणारा निवाडा लपवू नये. तो समोरच्या वकिलाकडे असणारच, असे धरून चालावे. शेवटी ‘न तपासलेले मुद्दे’ असा छोटा भाग ठेवावा. काय पाहिले नाही हे सांगणाऱ्या टिपणावर सिनिअर अधिक विसंबू शकतात.

पेठेतील ऑफिसात याहूनही मोलाचे ठरते ते तारखांचे टिपण. वाटपाच्या दाव्यात कोण कधी वारले, फेरफार कधी मंजूर झाला, खरेदीखत कधी नोंदले गेले, नोटीस कधी मिळाली, हे सारे पानांच्या क्रमांकांसह एका तक्त्यात मांडले की ३०० पानांची फाईल दोन पानांत येते. भाड्याच्या थकबाकीत तर भाडे मागणारी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस होण्याआधी घरमालकाला दावाच लावता येत नाही. तिथे नोटिशीच्या पोचपावतीची तारीख हाच प्रकरणाचा कणा असतो. हे काम करायला कायद्याच्या शेवटच्या वर्षात असण्याची गरज नाही. बारकाईने वाचणे आणि मराठी कागद समजणे पुरेसे आहे. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना सातबारा, आठ-अ, फेरफार वाचता येत नाहीत. ज्याला येतात त्याला काम आपोआप मिळते. उच्च न्यायालयात जाणाऱ्या प्रकरणांत मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते, तेही अशाच इंटर्नकडे येते.

सिनिअर दिवसभर भेटलेच नाहीत तर?

तरी शिकण्याच्या तीन जागा उरतात. पहिली, ऑफिसचे कारकून. वकीलपत्रावर किती स्टॅम्प लागतो, नकलेचा अर्ज कुठे द्यायचा, दाखल करताना कोणत्या हरकती निघतात, कोणत्या टेबलावर फाईल अडते, हे अनेकदा सिनिअरांपेक्षा कारकुनांना नेमके ठाऊक असते. ‘काका, आज दाखल करायला जाताना मला न्याल का?’ एवढे विचारले तरी एक सकाळ सार्थकी लागते. डायरीतील दाखल प्रक्रियेच्या १५ गुणांचा मजकूर तिथेच मिळतो.

दुसरी, निकाली निघालेल्या जुन्या फाईली. दावा, निशाणी ५ वरचा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, त्यावरचे म्हणणे, मुद्दे, सरतपासाचे प्रतिज्ञापत्र, उलटतपास, लेखी युक्तिवाद आणि निकाल हे सारे क्रमाने वाचले की पाठ्यपुस्तकातली दिवाणी प्रक्रिया डोळ्यांसमोर उभी राहते. दावा वाचून निकाल स्वतः लिहून पाहावा आणि मग न्यायालयाचा निकाल वाचावा.

तिसरी जागा म्हणजे न्यायालय. ई-कोर्ट्स सेवेवर प्रकरणाचा १६ अक्षरांकी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि अनेक आदेश दिसतात. त्यावरून कोणत्या हॉलमध्ये उलटतपास आहे ते शोधून तिथे बसता येते. न्यायालये सामान्यतः खुली असतात; कौटुंबिक किंवा बंद दाराआड चालणारी प्रकरणे अपवाद. बार कौन्सिलच्या नियमांत इंटर्नचा पोशाखही सांगितला आहे : पांढरा शर्ट, काळी किंवा पांढरी पँट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट, मुलींसाठी साडी किंवा वकिली सूटचाही पर्याय. बँड आणि गाऊन मात्र सनदधारकांचाच. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यानुसार वकिली करण्याचा हक्कही त्यांनाच आहे. त्यामुळे ‘सर येत आहेत, पुकारा मागे ठेवा’ एवढे सांगण्यासाठीही इंटर्नऐवजी ज्युनिअरनेच उभे राहणे योग्य.

दोघांनी एकाच वेळी काम दिले तर?

ज्युनिअरने दाव्याचा मसुदा सांगितला, सिनिअरने निवाडे मागितले आणि दोन्ही ‘आजच’. अशा वेळी इंटर्नने मनातल्या मनात क्रम ठरवू नये. दोघांनाही स्पष्ट सांगावे : ‘मॅडम, सरांनी सहापर्यंत निवाडे मागितले आहेत. तुमचा मसुदा रात्री आठला दिला तर चालेल का?’ कोणाचे काम आधी हा निर्णय त्यांच्यात होऊ द्यावा. साधारण नियम एवढाच की, मुदत संपणारे काम पहिले, उद्याच्या बोर्डावरचे दुसरे, बाकीचे नंतर. ‘जमणार नाही’ हे दुपारी दोनला सांगितले तर ऑफिसला पर्याय शोधता येतो, रात्री आठला सांगितले तर नाही.

चूक झाल्यास तोच नियम. निवाडा उलटवला गेल्याचे नंतर लक्षात आले किंवा तारीख चुकीची मोजली, तर कळताक्षणी सांगावे, सोबत दुरुस्तीही न्यावी. ऐन सुनावणीत समोरच्या बाजूने दाखवलेली चूक न्यायालयासमोर सिनिअरच्या नावावर जमा होते.

एआयची मदत घ्यावी का?

घाईच्या कामात मोह होणे स्वाभाविक आहे. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात माता विरुद्ध अव्हियांका प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. मूळ निवाडा उघडून, संबंधित परिच्छेद वाचल्याशिवाय कोणताही संदर्भ टिपणात जाऊ नये.

दुसरा धोका गोपनीयतेचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार पक्षकाराने वकिलाला सांगितलेली माहिती संरक्षित असते. दुभाषे आणि वकिलांचे कारकून व कर्मचारी यांनाही ते बंधन लागू आहे. इंटर्नने स्वतःला त्याच रांगेत धरावे. पक्षकाराचे खरेदीखत एखाद्या एआय संकेतस्थळावर चढवणे, फाईलचा फोटो मित्रांच्या गटात टाकणे किंवा पीएमटीच्या बसमध्ये, म्हणजे आताच्या पीएमपीत, प्रकरणाची चर्चा करणे, या तिन्ही गोष्टी टाळायच्या. पेठांमध्ये वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार एकाच गल्लीत राहत असू शकतात.

सारी जबाबदारी इंटर्नचीच का?

नाही. सिनिअर व्यग्र आहेत हे खरे असले, तरी शिकवणीची व्यवस्था इतकी सैल कशी झाली, याला इतिहास आहे. अ‍ॅडव्होकेट्स कायद्यात सुरुवातीला पदवीनंतर प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गेली. बार कौन्सिलने १९९५ मध्ये नियम करून सिनिअरकडे एक वर्षाचे प्रशिक्षण पुन्हा सक्तीचे केले. पण कायद्याने तसा अधिकार दिलेला नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुधीर प्रकरणात १५ मार्च १९९९ रोजी ते नियम रद्द केले. पुढे अखिल भारतीय वकील परीक्षा आली आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. म्हणजे परीक्षा आहे, पण पदवीनंतर सनद मिळवण्यासाठी सक्तीची उमेदवारी नाही. कोणाच्या तरी हाताखाली शिकण्याची सक्ती उरली ती फक्त विद्यार्थीदशेतील या इंटर्नशिपमध्ये.

२००८ च्या नियमांत, किमान दहा वर्षांचा अनुभव असलेल्या आणि सुटीत विद्यार्थी घेण्यास तयार असलेल्या वकिलांची जिल्हावार यादी राज्य बार कौन्सिलकडून मागवण्याची तरतूद आहे. घरात वकील नसलेल्या विद्यार्थ्यासाठी अशी यादी मोलाची. एरवी जागा मिळते ती ओळखीने. वकिलाच्या मुलाला घरीच बोर्ड कसा वाचायचा ते कळते. शेतकऱ्याच्या किंवा रिक्षाचालकाच्या मुलीसाठी हे चार आठवडेच पहिले दार असते. ते सही-शिक्क्याच्या प्रमाणपत्रापुरते उरले, तर नुकसान तिचे सर्वाधिक होते.

पैशांचा मुद्दाही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. पण ती शिफारस आहे आणि सनद मिळालेल्या ज्युनिअरांसाठी आहे. इंटर्नच्या बसभाड्याचा, जेवणाचा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

ऑफिसांना फार काही करावे लागत नाही. पहिल्या दिवशी एका ज्युनिअरला इंटर्नची जबाबदारी देणे, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे बोलणे, इंटर्नच्या मसुद्यावर लाल पेनने केलेल्या दुरुस्त्या त्याला परत दाखवणे आणि पक्षकाराची परवानगी घेऊन दोन मुलाखतींना बसू देणे, एवढ्याने चार आठवड्यांचा अर्थ बदलतो. मसुदा सुधारून थेट दाखल झाला आणि इंटर्नला तो दिसलाच नाही, तर पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा सिनिअरलाच दुरुस्त करावी लागते.

पुढे याचा उपयोग काय?

दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात पुन्हा लागू केली. त्या अनुभवाचा दाखला किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाकडून घेऊन न्यायिक अधिकाऱ्याकडून प्रमाणित करण्याची पद्धत निकालात सांगितली आहे. विद्यार्थीदशेतील इंटर्नशिप या तीन वर्षांत धरली जात नाही. पण पदवीनंतर कोणत्या ऑफिसात बसायचे आणि कोणता सिनिअर ठेवून घेणार, हे अनेकदा या चार आठवड्यांत ठरते.

त्यासाठी शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राबरोबर आणखी एक कागद तयार ठेवावा. केलेल्या कामांची एक पानी यादी : किती टिपणे, कोणते मसुदे, कोणत्या सुनावण्या, आणि अर्धवट राहिलेले काम कोणत्या फाईलमध्ये कुठवर आले आहे. ते पान वाचायला सिनिअरला दोन मिनिटे लागतात. पुढच्या महिन्यात त्याच खुर्चीवर येणाऱ्या इंटर्नला मात्र त्या फाईली पहिल्या पानापासून उघडाव्या लागत नाहीत.